धुतलेलं जंगल

सुरतेहून आले त्याला आता तीन महिने होतील, तरी भेटेल तो मला एकच विचारतो, तिथली ती तुपाळ मिठाई, घारी, आणली का? नाही आणली. घारी आणायला गेलेच नव्हते. आजोबांच्या चोवीस काचा आणायला गेले होते, आणि त्यांचं तिथे काय झालं ते एकदा लिहूनच काढावं म्हणजे पुन्हा पुन्हा सांगताना माझं डोकं तापणार नाही, असं ठरवून बसले आहे. तापणार आहेच, पण निदान एकदाच तापेल.

माझे आजोबा धुळ्यात फोटोग्राफर होते. नवराबायकोंना आणि पगडीवाल्या व्यापाऱ्यांना खुर्चीत बसवून त्यांनी घर चालवलं, पण त्यांचा जीव सातपुड्यात होता. वर्षातून एकदा, थंडीत, लाकडी कॅमेरा, त्याची तिवई आणि काचांची पेटी घेऊन ते तोरणमाळच्या खालच्या जंगलात जायचे. तेव्हा फिल्म नव्हती, फोटो काचेवर उतरायचा. त्या काचांना हिरवा रंग दिसतच नसे. पान कितीही कोवळं असो, ते काळंकुट्ट यायचं आणि आभाळ कोरं पांढरं. वाऱ्याने एक फांदी हलली तरी तिचा धूर व्हायचा. म्हणून आजोबा पहाटे जाऊन उभे राहायचे, वारा पडायची वाट बघत. एका सागासाठी ते दोन दिवस उभे होते असं वडील सांगायचे. झाडांचे फोटो विकत घेणारा कोणी नव्हताच. छापलेले होते ते त्यांनी ज्याला त्याला वाटून टाकले. राहिल्या त्या चोवीस काचा, खाचा पाडलेल्या सागवानी पेटीत.

दर दिवाळीला ती पेटी उघडायची आणि एकेक काच खिडकीच्या उजेडात धरायची. मी सात वर्षांची असताना एक काच मी हट्टाने हातात घेतली आणि ती खिडकीच्या कडाप्प्यावर आपटली. तुकडे झाले नाहीत, पण कोपऱ्यापासून मधोमध चीर गेली. आजोबांनी आयुष्यात मला एकदाच मारलं, ते त्या दिवशी. पुढे काका सुरतेला मागावर कामाला गेले, तेव्हा घरातली निम्मी भांडी त्यांनी इथेच ठेवली, पेटी मात्र नेली. मला वाटतं, माझ्या हाताला लागू नये म्हणूनच नेली.

आता मी शाळेत चित्रकला शिकवते. गेल्या दिवाळीत इथल्या एका वाचनालयाने मला भिंत दिली, आठ दिवसांसाठी. तिथे आजोबांचं जंगल लावायचं, काचांवरून मीच छापायचं, असं ठरलं. काका केव्हाच गेले. त्यांचा मुलगा सुरेश सुरतेच्या लिंबायत भागात राहतो. त्याला कार्ड टाकलं, 'पेटी तयार ठेव, येते आहे.' एवढंच. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण मला ते विसरता येत नाही.

नवापूर ओलांडल्यावर

डिसेंबर होता. ज्या दिवाळीच्या दुसऱ्याच दिवशी सूर्यग्रहण आलं होतं, तिच्या नंतरचा हिवाळा. एसटी नवापूरच्या पुढे गेली की पाट्यांवरची अक्षरं डोक्यावरची रेघ टाकून देतात आणि चहा एकदम गोड होतो. सोनगडच्या आसपास थोडा साग दिसला, पानं झडत आलेली. मी खिडकीशी बसून मनातल्या मनात त्यांचे फोटो काढत होते. इथे उजेड मागून घ्यायला हवा, इथे धुकं थोडं विरू द्यायला हवं, असं. शेजारच्या बाईंना वाटलं मला मळमळतंय. त्यांनी मला लिंबू दिलं, मी ते घेतलं.

पुढे झाडं संपली आणि ऊस सुरू झाला. पलसाण्याजवळ रस्त्याकडेच्या नाल्यातून जांभळं पाणी वाहत होतं. चक्क जांभळं. पलीकडे कापड रंगवायचे कारखाने होते आणि त्यांच्या पाठीशी वाळत घातलेलं कापड. चलथाणला साखर कारखान्याचा हंगाम चालू होता, रस्ता उसाच्या गाड्यांनी भरलेला, मळीचा वास. गाडीवानांचं बोलणं खिडकीतून ऐकू आलं तर ते आमच्याकडचंच. साक्री, नवापूर, नंदुरबारची माणसं. गुजरातेत येऊन पहिलं वाक्य अहिराणी ऐकलं याचा मला आनंद झाला. तो आनंद पुढे फार टिकला नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

लिंबायत

लिंबायतच्या गल्लीत रिक्षा शिरली की दोन्हीकडून मागांचा खडखडाट अंगावर येतो. घरात बसलं तरी तो चालूच असतो, आणि थोड्या वेळाने माणसं त्याच्यावर आवाज चढवून बोलतात ते आपल्यालाही नैसर्गिक वाटायला लागतं. गल्लीच्या तोंडाशी आमच्या खान्देशातल्या कानबाईच्या उत्सवाचा जुना फलक, त्याखाली गुजराती जाहिरात, त्याखाली हिंदीत 'यहाँ कचरा डालना मना है'. आदल्या वर्षीच्या प्लेगनंतर शहर झाडून काढलंय म्हणतात. रस्ते खरोखरच आमच्या धुळ्यापेक्षा स्वच्छ होते. हे लिहिताना मला जड जातंय.

सुरेशची बायको सुनंदा दारातच उभी होती, आलात का असं अहिराणीत विचारत. "उनात का ताई? या, बठा. पानी पी ल्या." तिची दहा वर्षांची मुलगी पिंकी माझ्याकडे टक लावून बघत होती. मी म्हटलं, ओळखलंस का, मी तुझी आत्या. ती म्हणाली, "फोई, केम छो?" आत्या शब्द तिला माहीत होता, पण तो पुस्तकातला वाटतो म्हणे. माझ्या कपाळावरची पहिली आठी तिथे पडली.

जेवण मात्र अस्सल घरचं होतं. कळण्याची भाकरी, शेवभाजी, ठेचा. फरक एवढाच की शेवभाजीत गूळ होता. मी सुनंदाकडे पाहिलं. ती हसून म्हणाली, "आते सवय व्हई गई, ताई. ह्या पानीमाच गोड शे." मी दोन भाकरी खाल्ल्या.

संध्याकाळी सुरेश कामावरून आला. पलसाण्याच्या एका कारखान्यात साड्या छापायच्या स्क्रीन बनवायच्या खात्यात तो आहे. चौकटीवर नायलॉनची बारीक जाळी ताणायची, तिला उजेडात घट्ट होणारा लेप द्यायचा, ती नक्षीच्या फिल्मवर ठेवून खालून दिवे लावायचे. जिथे उजेड लागतो तिथे जाळी बुजते, बाकीची पाण्याने मोकळी होते, आणि त्या मोकळ्या जागेतून रंग कापडावर उतरतो. हे त्याने मला हातवारे करून, फार प्रेमाने समजावलं. त्याची बोटं निळी होती. मी म्हटलं, म्हणजे तूही आजोबांच्याच धंद्यात आहेस की! तो लाजला. खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमान वाटला.

मग त्याने माळ्यावरून पेटी उतरवली. तीच सागवानी पेटी, पितळी कडी घासून चकचकीत केलेली. त्याने झाकण उघडलं आणि पहिली काच काढून माझ्या हातात दिली.

काचेतून मला पलीकडे सुनंदा दिसली.

मी दुसरी काढली. तिच्यातून पिंकी दिसली, तिच्या शाळेचं दप्तर दिसलं, भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. तिसरी, चौथी, पाचवी. सगळ्या कोऱ्या. एकीवरही पान नाही, फांदी नाही, धुक्याचा एक ठिपकासुद्धा नाही. प्रत्येकीमध्ये वर्तमानपत्राची घडी घातलेली, एकमेकींवर घासू नयेत म्हणून.

"दख ताई, कश्या चकाचक करी ठेयात!" सुरेश म्हणाला. "तुन्हं कार्ड उनं आनि रईवारे बठनू. गरम पानी, सोडा, मंग ब्लीचिंग. एक बी डाग नही."

मी इतक्या मोठ्याने ओरडले की मागांच्या खडखडाटातही शेजारच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. गाढव म्हटलं, अक्कलशून्य म्हटलं, आजोबांचं नाव लावायची लायकी नाही असंही म्हटलं. ते शेवटचं म्हणायला नको होतं असं लोक म्हणतात. मला अजून तसं वाटत नाही.

सुरेश पांढराफटक पडला होता, पण त्याला माझा राग कळतच नव्हता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. "पन ताई, फोटो तं उतारी लिन्हा व्हता ना," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "आमना खातामा दुसरानी फ्रेम वापस करानी तर धुईसनच करतस. तशीच मयकट कोन देस?"

हळूहळू उलगडा झाला. प्लेगनंतर सगळ्या गल्लीने घरं रिकामी करून धुतली, तेव्हा पेटी कित्येक वर्षांनी उघडली. सुरेशने काच उजेडाला धरली आणि त्याला ती लगेच ओळखू आली. त्याच्या लेखी ती फिल्म होती. तो काचा कारखान्यात घेऊन गेला, त्यांच्यावरून जाळीवर जंगल उतरवलं, आणि आजोबांची झाडं साडीवर छापली. फोटो जाळीवर गेला म्हणजे काम झालं, असं तिथलं शास्त्र. जाळीसुद्धा नक्षी चालेनाशी झाली की धुऊन पुढच्या नक्षीला घ्यायची. आणि दुसऱ्या कारखान्याची वस्तू परत करायची तर आपलं काही तिच्यावर ठेवायचं नाही, हा त्यांच्यातला शिष्टाचार. शेजारणीची वाटी आपण घासून परत देतो तसा. माझं कार्ड आलं, पेटी तयार ठेव. त्याने तयार ठेवली. एका रविवारची सुट्टी घालवून, हातांची सालटी निघेपर्यंत, त्याने आजोबांना माझ्यासाठी स्वच्छ केलं.

एकदा मला विचारता आलं नाही का, मी ओरडले. एक कार्ड टाकता आलं नाही?

आता त्याचाही आवाज चढला. "आनि तुले? दहा साल बाबानी कार्डं टाकात, पेटी लई जाय, पेटी लई जाय. तू उनी का? बाबा गया तवय बी नही उनी."

हे खरं होतं. परीक्षा होत्या, मग मान दुखत होती, मग आणखी काही. खरं होतं म्हणून माझा राग कमी झाला नाही, त्याला नुसती बसायला जागा राहिली नाही. सुनंदाने ताटं मांडली आणि माझ्यापुढे भाकरी ठेवत शांतपणे म्हणाली, "ताई, आधी जेवी ल्या. राग जेवन व्हवावर बी येस."

तो जेवल्यावरही आला.

पलसाणा

दुसऱ्या दिवशी मी सुरेशबरोबर कारखान्यात गेले. स्क्रीन तरी बघू, जाळीवर उतरलेलं काहीतरी असेल, तेवढं तरी घेऊन जाऊ, अशी आशा होती.

छापखाना म्हणजे लांबच लांब टेबलं, त्यांच्यावर ताणलेलं कापड, आणि दोन्ही बाजूंनी दोन माणसं चौकट उचलतात, ठेवतात, रंग ओढतात, उचलतात, पुढे ठेवतात. हवेत रंगाचा उग्र वास आणि दमट वाफ. माणसं बहुतेक आमच्याकडची आणि काही ओडिशाची. एवढ्या वाफेत, पायाखाली रंगाचं पाणी असताना, ते चौकट केसभरही न हलवता बरोबर खुणेवर ठेवत होते. ते बघताना मी माझा राग विसरले असेन, तर तेवढ्या पाच मिनिटांपुरती.

छपाईखात्याच्या मास्तरांनी मला खुर्ची दिली, बशीतून चहा दिला. मी जंगलाच्या नक्षीचं विचारलं तर ते खुश झाले. "जंगल! अरे बेन, ए तो बहु चाली." मग हात उडवून म्हणाले, "हवे बंध थई गई. स्क्रीन तो क्यारनी धोवाई गई." चालली तोवर चालली, बंद पडली, केव्हाच धुतली. त्या जाळ्यांवर आता द्राक्षांचे घड होते.

मग त्यांनी नमुन्यांची वही काढली. छापलेल्या प्रत्येक साडीचा एक तुकडा तिच्यात चिकटवलेला असतो. पानं उलटत उलटत ते थांबले आणि वही माझ्याकडे फिरवली.

आजोबांचा साग मी ओळखला. कमरेशी गाठ असलेला, डावीकडे एकच फांदी काढलेला, ज्याच्यासाठी ते दोन दिवस उभे राहिले होते तो. आता तो पोपटी होता. म्हणजे आभाळ पोपटी आणि झाड पांढरं, कारण काचेवरचा फोटो उलटा असतो, आभाळ काळं आणि झाड पांढरं, आणि या लोकांनी तो तसाच्या तसा उतरवला होता. वीतभर अंतरावर पुन्हा तोच साग. पुन्हा वीतभरावर तोच. सहा वार काठाला तोच एक साग, रांगेत उभा, शाळेतल्या कवायतीसारखा. शेजारी त्याचा गुलाबी तुकडा, त्याच्या शेजारी जांभळा. जांभळा बघितल्यावर मला नाल्यातलं ते पाणी आठवलं.

पण रंगाचं मी सोसलं असतं. मी वही डोळ्यांजवळ नेऊन करडा रंग शोधत होते. आजोबांच्या फोटोंत काळं आणि पांढरं नावालाच होतं, खरं जंगल त्या दोन्हींच्या मधे होतं. सालीवरच्या भेगा, भेगेतली सावली, सावलीतलं शेवाळ, मागच्या झाडावर साचलेलं धुकं, आणि त्याच्याही मागे काहीतरी, जे झाड आहे की नुसता अंधार हे कळायचं नाही आणि लहानपणी मला ज्याची भीती वाटायची. शाळेत मुलांना पेन्सिलीची छटा शिकवताना मी अजून त्या काचा आठवते. इथे जाळीने सरळ निवाडा केलेला. हे झाड, हे आभाळ. मधलं सगळं गेलं. सालीला भेगा नाहीत, जंगलाला खोली नाही, भीती नाही. काठ, नुसता काठ.

मी मास्तरांना विचारलं, निदान काळ्या रंगात तरी का नाही छापलं?

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "काळी-धोळी साडी कोण पहेरे, बेन?"

मी चहा अर्धा ठेवून उठले. बाहेर आल्यावर सुरेश म्हणाला, "ताई, माले वाटनं, पेटीमा पडी राहण्यापेक्षा लोके नेसतीन. आबाना झाडं गावेगाव फिरतीन." तो हे खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं. अशा माणसावर रागवायचं तरी कसं, असं कोणी म्हणेल, तर त्याला मी सांगते, सहज जमतं.

तापीचा काठ

माझं डोकं थंड व्हावं म्हणून सुरेशने मला संध्याकाळी नदीकाठी पोंक खायला नेलं. पोंक म्हणजे आपला हुरडाच. पण आपण शेतात बसतो, आगटीशेजारी, कोणीतरी कणीस हातावर चोळून गरम दाणे आपल्या ओंजळीत टाकतं, आणि पैशांचा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही. इथे तो तराजूत तोलून मिळतो, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे गोळे. हुरड्याबरोबर साखर! मी म्हटलं, तुम्ही लोकांनी हुरडासुद्धा सोडला नाही. सुरेश पहिल्यांदा हसला. मग मी पुडा संपवला आणि दुसरा मागितला. संताप आणि भूक माझ्या पोटात भांडण न करता राहतात, ते मला नेहमीच लाजिरवाणं वाटत आलंय.

काठावर बसून त्याने मला एक विचारलं. आबा झाडांचेच फोटो का काढायचे, माणसांचे का नाही? मी सांगितलं, माणसांचे काढायचे ते पोटासाठी. तो बराच वेळ त्याच्या निळ्या बोटांकडे बघत राहिला. मी तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. ठेवला नाही.

परत निघताना

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली. पेटी न्यायची नाही असं ठरवलं होतं. कोऱ्या काचा आमच्या धुळ्यातही मिळतात. सुनंदाने मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि भावाच्या घरची साडी म्हणून मांडीवर एक घडी ठेवली. जांभळी. काठाला पांढरे साग. तिच्यासाठी सुरेशने मुद्दाम बाजूला ठेवलेली, एकदाही न नेसलेली, तिच्याकडची सगळ्यात चांगली साडी. नको म्हणायची सोय नव्हती. मी रागाने ती छातीशी आवळली आणि सुनंदाला वाटलं माझा ऊर भरून आलाय. तिने माझे डोळे पुसले. डोळ्यांत पाणी होतं हे खरं.

देवाला नमस्काराला वाकता वाकता शेजारच्या उघड्या पेटीकडे नजर गेली आणि मी सहज मोजलं. पेटीत चोवीस खाचा आणि तेवीस काचा. मी विचारलं, एक कुठे गेली?

"ती फुटेल व्हती," सुरेश म्हणाला. "चीर छापामा येई, म्हनीसन वापरीच नही. आनि फुटेल वस्तू वापस कोनले देवानी? फेकनार व्हतू, पन..." त्याने पिंकीकडे पाहिलं.

पिंकी माझ्याकडे पाहत नव्हती. तिने दप्तरातून, वह्यांच्या मधून, जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात घातलेली काच काढली. "मारी छे," ती म्हणाली. "ग्रहण जोवा राखी'ती." गल्लीतल्या सगळ्या मुलांनी त्या काचेतून ग्रहण पाहिलं होतं. काचेचा वरचा भाग, म्हणजे आजोबांचं आभाळ, चांगलाच काळा होता. सूर्यासमोर धरायला बरा.

मी ती खिडकीशी नेली. कोपऱ्यापासून मधोमध गेलेली चीर. मीच पाडलेली. आणि तिच्या मागे, ओल्या पहाटेत, एकामागे एक उभे असलेले साग. पुढचा ठळक, त्याच्या मागचा थोडा फिका, त्याच्या मागचा आणखी फिका. आजोबांची सगळ्यात आवडती काच होती ती. म्हणून तर मारलं होतं.

मला आनंद झाला असं कोणी समजू नये. मला भयंकर राग आला. जपून ठेवलेल्या तेवीस गेल्या, आणि ज्या एकीसाठी मी चाळीस वर्षं मनात चोर होऊन राहिले ती माझ्याच चिरेमुळे वाचली, हा काय न्याय झाला? मी तिथेच खिडकीशी उभी राहून आजोबांना मोठ्याने विचारलं. सुनंदा घाबरली.

पिंकी काच द्यायला तयार नव्हती. मी तिला तेवीसच्या तेवीस देते म्हटलं. तिने नाक मुरडलं, त्यांच्यातून काहीच दिसत नाही म्हणे. शेवटी पुढचं ग्रहण आपण दोघींनी धुळ्याला बघायचं या बोलीवर तिने ती दिली. दारातून निघताना ती "आवजो, आत्या," म्हणाली. काच मी त्या जांभळ्या साडीत गुंडाळली. साडीचा तेवढा उपयोग झाला.

भिंत

वाचनालयाच्या आठ हात भिंतीवर मी एकच फोटो लावला. शाळेच्या काळोख्या खोलीत तो छापायला मला चार रविवार लागले. चीर त्यात रेघ होऊन उमटली आहे. कोणी विचारतं ही वेल आहे का, कोणी विचारतं वीज पडली का. मी खरं ते सांगते.

शेवटच्या दिवशी सुरेश आला. एका दिवसाची रजा काढून, न कळवता, स्वच्छ पांढरा शर्ट घालून. त्याने मला वाकून नमस्कार केला, फोटोपुढे गेला आणि उभा राहिला. तो जाळीवर काम करणारा माणूस आहे, बारीक बघायची त्याला सवय. मी लांबून बघत होते. तो बोटाने हवेत खोडं मोजत होता. पाच. सहा. सात. मग तो फोटोच्या अगदी जवळ गेला, आठवं मोजलं, आणि त्याचं बोट तिथेच थांबलं. आठव्याच्या मागे एक नववं आहे. ते जवळजवळ नाहीच. धुक्याहून केसभर गडद, तेवढंच.

"हाई जायीमा उतरतंच नही," तो स्वतःशीच म्हणाला, त्याच्या जाळीबद्दल. मग माझ्याकडे वळला. "ताई, बाकीन्या काचासमा बी असं व्हतं का?"

समोर चार माणसं उभी होती. तो इतक्या लांबून आला होता, त्याची बोटं अजून निळी होती, आणि नाही म्हटलं असतं तर तो सुखाने परत गेला असता.

"सगळ्यांत होतं," मी म्हटलं.